खुश्रूशेट मोदी याचा शेवट

पुण्याच्या नारायण पेठेंतील मोदी गणपतीच्या दर्शनाला माणसें रोज येतात-जातात. परंतु हा मोदी कोण, असें विचारणारा त्यांत विरळा. जुने पुणेकर सांगत आले आहेत कीं, या जागेजवळ खुश्रूशेट मोदी नांवाच्या एका पारशी गृहस्थाची बाग होती व तिच्यावरून गणपतीला हें नांव पडलें. पारश्याचें नांव गणपतीला चिकटावें ही मौजेची गोष्ट खरी. पण ज्याचें तें नांव त्याची कथा मौजेची नाहीं. १८१५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत, अधिकार गेलेला, अब्रू गेलेली आणि पुणें सोडून जाण्याचें ठरलेलें अशा स्थितींत हा मनुष्य विषानें मरण पावला. तें विष त्यानें आपल्या हातानें घेतलें कीं दुसऱ्या कोणीं त्याला दिलें, याचा निकाल त्या वेळीं लागला नाहीं व पुढेंही लागला नाहीं.

मराठेशाहीच्या अखेरीच्या इतिहासांत त्र्यंबकजी डेंगळे आणि गंगाधरशास्त्री पटवर्धन हीं दोन नांवें शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतात. खुश्रूशेटचें नांव मात्र एखाद्या ओळींत येतें आणि जातें. तें तसें कां जातें, हाच त्याच्या कथेंतील विचार करण्यासारखा भाग आहे.

३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईच्या तहावर सही केली, आणि तेव्हांपासून पुण्यांत दोन दरबार झाले. एक शनिवारवाड्यांतला व दुसरा मुळा-मुठेच्या संगमावरच्या रेसिडेन्सींतला. पहिल्या दरबारांत गादी होती. दुसऱ्यांत फौज होती. संगमावर त्या वेळीं कर्नल बॅरी क्लोज हा रेसिडेंट होता. क्लोज हा फारसी वगैरे भाषा जाणणारा, अनुभवी व करारी मनुष्य. पण पुण्याच्या दरबाराचें पाणी निराळें. तेथें कोण कोणाचा व्याही, कोणाच्या जहागिरीवर कोणाचा डोळा, कोणाच्या तोंडच्या ‘हो’ चा अर्थ ‘नाहीं’ होतो, हें सर्व ओळखून सांगणारा एतद्देशीय मनुष्य रेसिडेंटाला जवळ लागे. हें काम खुर्शेटजी जमशेटजी मोदी करूं लागला. मराठी मंडळी त्याला खुश्रूशेट म्हणत.

त्याच्या हुद्द्याला इंग्रजी दप्तरांत देशी एजंट म्हणत. दरबारांत निरोप न्यावयाचा, उत्तर आणावयाचें, बातमी गोळा करावयाची, आणि साहेबाचें म्हणणें पेशव्याला व पेशव्याचें म्हणणें साहेबाला रुचेल अशा शब्दांत पोंचवावयाचें, असें हें काम. दोन माणसें एकमेकांशीं सरळ बोलत नसलीं म्हणजे मधला मनुष्य मोठा होतो. क्लोजच्या अमदानींत, म्हणजे सुमारें दहा वर्षें, खुश्रूशेट असा मोठा होत गेला. ज्याला संगमावर काम असे तो आधीं त्याच्या दारीं जाई. सरदार, जहागीरदार, सावकार, कोणालाच तो रस्ता चुकत नसे.

बाजीरावाच्या अंगीं शौर्य नव्हतें. पण माणसाची किंमत काय हें त्याला चटकन् कळे. संगमावरची किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो आपलासा केला पाहिजे हें त्यानें ओळखलें, आणि त्यानें खुश्रूशेटला कर्नाटकची सरसुभेदारी दिली. एकाच मनुष्याकडे कंपनीची चाकरी व पेशव्यांची सुभेदारी अशीं दोन्हीं आलीं. ही बक्षिसी होती, कीं लांच होता, कीं तो गळ होता? बहुधा तिन्ही होतीं. एवढें मात्र निश्चित कीं, सरसुभेदारी स्वीकारल्या दिवसापासून खुश्रूशेटच्या गळ्यांत जी दोरी पडली तिचें एक टोंक बाजीरावाच्या हातांत होतें.

सरसुभेदारी ही काय वस्तु होती हें नीट समजल्याशिवाय पुढची कथा कळणार नाहीं. आजच्या वाचकाला सुभेदार म्हणजे पगारदार कलेक्टर असें वाटतें. उत्तर पेशवाईंत तसें नव्हतें. मामलेदाराचा नेमलेला पगार थोडा. त्याची खरी कमाई अन्य मार्गांनीं. दंड व नजराणे यांचा पुरता हिशेब न दाखविणें, दुष्काळाची सूट सरकारांतून मिळवून ती रयतेपर्यंत न पोंचविणें, शिबंदीच्या हजिऱ्यांत नसलेले शिपाई दाखविणें, नेमणुका व वर्षासनें अडकवून ठेवणें, हे ते मार्ग. या कमाईचा वांटा वर पोंचवावा लागे. त्या वांट्याला नांव होतें ‘दरबारखर्च’, आणि दुसरें अधिक खरें नांव होतें ‘अंतस्थ’.

या अंतस्थाची मोठी मौज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशवाई बुडाल्यावर १८१९ सालीं लिहिलेल्या आपल्या अहवालांत नोंदली आहे. आरंभीं ही रक्कम गुप्तपणें दिली जाई. कारभाऱ्यांचीं व हिशेबनिसांचीं तोंडें बंद करण्यासाठीं ती असे. देतां देतां तिचा शिरस्ता पडला. शिरस्ता पडल्यावर ती वहींत आली, आणि वहींत आल्यावर तिचीही तपासणी होऊं लागली. पण तपासणी करणाऱ्याचें तोंड पुन्हां मोकळें राहिलें! तेव्हां तें बंद करण्यासाठीं दुसरी निराळी गुप्त रक्कम रयतेकडून काढणें भाग पडलें. या नाजूक बाबतींत फार खोल कोणी विचारीत नसे, त्यामुळें मामलेदार वरच्यांच्या नांवानें जेवढें काढी त्याचा मोठा हिस्सा स्वतःच्या पेटींत टाकी. लांचाचा शिरस्ता, शिरस्त्यावर लांच, आणि त्या लांचाचा पुन्हां शिरस्ता, अशी ही चढती भाजणी होती.

बाजीरावानें यावर आणखी एक मजला चढविला. त्यानें मामलती लिलांवानें मक्त्यावर देण्यास सुरुवात केली. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला परगणा. आणि वर्षाच्या आंत दुसरा कोणी अधिक बोलला तर पहिल्याची उचलबांगडी. मक्तेदार आपला मक्ता तुकड्यातुकड्यांनीं खालच्यांना विकी, ते आणखी खालच्यांना, आणि अखेर ओझें पाटलाच्या व कुणब्याच्या डोक्यावर येऊन पडे. अशा राज्यांत एखाद्या सरसुभेदारानें पैसे खाल्ले असा आरोप करणें म्हणजे पावसांत उभ्या असलेल्या दहा जणांपैकीं एकाचेंच आंग भिजलें आहे असें म्हणण्यासारखें होतें. आरोप खोटा नसे. पण तो एकावरच कां, आणि आजच कां, हा प्रश्न नेहमींच उरे.

१८११ सालीं एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट म्हणून आला, आणि खुश्रूशेटचा ग्रह फिरला. हा साहेब त्या वेळीं अवघा एकतीस वर्षांचा होता. पण मराठी दरबार त्याला नवे नव्हते. लेक व वेलस्ली यांच्या लढाया संपल्यावर तो १८०४ पासून १८०८ पर्यंत नागपुरास भोसल्यांच्या दरबारीं रेसिडेंट होता. मध्यस्थाच्या तोंडून बोलणें त्याला आवडत नसे. पेशव्याशीं समक्ष बोलावें, बातम्या एकाकडून न घेतां दहाजणांकडून घेऊन ताडून पाहाव्या, ही त्याची रीत. ज्याचें सर्व महत्त्व ‘एकटा’ असण्यावर होतें, त्या खुश्रूशेटला हा फरक प्राणघातक होता. तशांत त्याचें वैर कमावून बसलेले लोक दरबारांत थोडे नव्हते. पेशव्यांचा कारभारी सदाशिव माणकेश्वर याचें व त्याचें सख्य नव्हतें. आणि बाजीरावाच्या मर्जींत एक नवा मनुष्य झपाट्यानें चढत होता. तो म्हणजे त्र्यंबकजी डेंगळे. निमगांव जाळीचा हा पाटील मूळचा जासूद. १८०२ च्या धामधुमींत बाजीरावाचें पत्र पोंचवून उत्तर अपेक्षेपेक्षां लवकर आणलें, येवढ्या भांडवलावर तो वर आला होता.

कर्नाटकच्या कारभाराबद्दल तक्रारी येऊं लागल्या. खुश्रूशेट लांच खातो, ही बातमी संगमावर पोंचली. ती पोंचविण्यांत पेशव्याच्या दरबाराचें आंग होतें हें सांगावयास नकोच. ज्यानें गळ टाकला तोच आतां मासा दाखवूं लागला. एल्फिन्स्टननें या प्रकरणांत आरंभीं जें केलें तें सरळ होतें. दोन धन्यांची चाकरी एका मनुष्याला करतां येणार नाहीं. सरसुभेदारी ठेव किंवा रेसिडेन्सींतली जागा ठेव, असा पेंच त्यानें खुश्रूशेटपुढें टाकला. खुश्रूशेटनें कंपनीची चाकरी पत्करली आणि सरसुभेदारी सोडली. ती ताबडतोब त्र्यंबकजीला मिळाली.

ही निवड शहाणपणाची होती काय? कागदावर पाहिलें तर होती. पेशव्याची मर्जी म्हणजे भाद्रपदांतलें ऊन. कंपनीचा आश्रय म्हणजे दगडी भिंत. पण या निवडीनें दोन गोष्टी झाल्या. एक तर सुभ्याच्या जुन्या हिशेबाच्या वह्या त्याच्या हाडवैऱ्याच्या हातीं गेल्या. मागच्या मामलेदाराचे दोष शोधून काढणें हें नव्या मामलेदाराचें पहिलें काम असे. त्याच्याजवळ त्र्यंबकजीसारखी चिकाटी असली म्हणजे मग विचारावयासच नको. दुसरें असें कीं, ज्या साहेबाचा आश्रय त्यानें धरला त्याला आतां त्याची गरज नव्हती. गरज नसलेला व संशयित झालेला चाकर भिंतीच्या आंत असून बाहेरच असतो.

पुढें गुजराथचें प्रकरण निघालें. पेशवे व गायकवाड यांच्यामधील जुन्या देण्याघेण्याचा हिशेब मिटविण्यासाठीं बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ सालीं पुण्यास आले. शास्त्री कंपनीच्या हमीवर आले होते. त्यांचें येणें बाजीरावाला नको होतें, आणि त्यांच्याविरुद्ध जीं खलबतें चालत त्यांत खुश्रूशेटचा हात आहे असा संशय त्याच्यावर आला. म्हणजे वरून कंपनीचा नोकर, आंतून अजूनही बाजीरावाचा सल्लागार! कर्नाटकांतील पैशाचे आरोप व हा संशय यांचें ओझें मिळून अखेर त्याची जागा गेली. त्यानें पुणें सोडावें, गुजराथेंत जाऊन राहावें, आणि तेथें त्याच्या निर्वाहाची चांगली तजवीज व्हावी, असें ठरलें. या शिक्षेला कठोर म्हणतां येणार नाहीं. फांशी नाहीं, बेडी नाहीं, घरावर जप्तीची चौकी नाहीं. पण निघण्याच्या सुमारास तो विषानें मेला.

त्याच्या मरणाविषयीं दोन प्रवाद इतिहासांत उतरले आहेत. एक असा कीं, अपमान सहन न होऊन त्यानें स्वतःच विष घेतलें. दुसरा असा कीं, त्याच्याशीं गुप्त संधान ठेवणाऱ्या त्र्यंबकजीनें, तो पुण्याबाहेर पडल्यावर सर्व कांहीं ओकेल या भीतीनें, त्याला विष देवविलें. दोन्हींना आधार आहे तो परिस्थितीचा, पुराव्याचा नाहीं.

दुसरा प्रवाद ऐकतांक्षणींच पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो जपून घेतला पाहिजे. पांच महिन्यांनीं, त्याच वर्षाच्या जुलईंत, पंढरपुरास देवदर्शनाहून परत येणाऱ्या गंगाधरशास्त्र्यांचा रस्त्यांत खून झाला व तो त्र्यंबकजीच्या माथीं आला. तेव्हां मागच्या सर्व संशयास्पद मृत्यूंवर त्याच्याच नांवाचा शिक्का बसणें स्वाभाविक होतें. पण फेब्रुवारींतली स्थिति जुलईंतल्या स्थितीसारखी नव्हती. वर्षाच्या आरंभीं बाजीराव शास्त्र्यांना लोण्यासारखा मऊ झाला होता. त्यांना आपलें कारभारीपण देऊं करीत होता, आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देण्याच्या गोष्टी बोलत होता. अशा वेळीं संगमाच्या दारांत खून पाडून साहेबाला जागें करणें त्र्यंबकजीच्या धूर्तपणाला शोभण्यासारखें नव्हतें. उलट, मेलेला मनुष्य बोलत नाहीं, आणि खुश्रूशेटजवळ बोलण्यासारखें पुष्कळ होतें, हेंही तितकेंच खरें.

पहिल्या प्रवादाला आक्षेप असा घेतां येतो कीं, ज्याला निर्वाहाची सोय मिळाली होती त्यानें जीव कां द्यावा? परंतु हा आक्षेप पोटाचा विचार करणाऱ्याचा आहे. दहा वर्षें ज्याच्या ओट्यावर सरदार ताटकळले, त्यानें बिऱ्हाड गाड्यांवर लादून त्याच सरदारांच्या वाड्यांवरून दिवसाढवळ्या जावयाचें! गुजराथेंत त्याचीच जातभाई मंडळी. तेथें खुश्रूशेट कां परत आला, हें कोणालाच न सांगतां कळणार. नेमणूक म्हणजे वरवर दया, पण खालीं दोषाची कबुली. कारण निर्दोष मनुष्याला कोणी पुण्याबाहेर काढून पेन्शन देत नाहीं. आणि तिकडे न्यायसभाही भरली नव्हती, कीं जींत उभें राहून ‘मी खाल्लें, पण माझ्यावरच्यांनींही खाल्लें’ असें त्याला म्हणतां यावें. दोन्ही प्रवादांत निवड करावयाचीच तर पहिल्याकडे कांटा झुकतो. मात्र तो झुकतो इतकेंच.

याच शहरांत चोवीस वर्षांपूर्वीं घाशीराम कोतवालाचा शेवट झाला होता. कोतवालींत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकीं वीसांहून अधिक गुदमरून मेले, गांव खवळलें, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं लोकांनीं घाशीरामाला दगडांनीं ठेंचून मारलें. तो न्याय रानटी होता खरा. परंतु त्यांत गुन्हा कोणता, फिर्यादी कोण, हें पुण्यांतल्या पोराबाळांनाही ठाऊक होतें. खुश्रूशेटच्या प्रकरणांत फिर्यादी दरबार, ज्याच्या पदरांत त्याच पैशाचा वांटा पडलेला. न्यायाधीश रेसिडेंट, ज्याचाच तो नोकर. आणि ज्याचा पैसा गेला तो धारवाडकडचा शेतकरी मात्र या साऱ्या गोष्टींत कोठेंच नाहीं. त्याला एक पैही परत मिळाल्याचें कोणी लिहिलेलें नाहीं. सुभा त्र्यंबकजीकडे गेला, आणि मक्ता चालूच राहिला.

शास्त्र्यांच्या खुनानंतर काय झालें तें याच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. कंपनीच्या हमीवर आलेला वकील, तोही ब्राह्मण, तोही पंढरीच्या क्षेत्रांत मारला गेला! एल्फिन्स्टननें त्र्यंबकजीची मागणी केली, फौज हलविली, आणि बाजीरावाला त्याला स्वाधीन करावें लागलें. त्र्यंबकजी ठाण्याच्या किल्ल्यांत पडला; १८१६ च्या सप्टेंबरांत तेथून निसटला; त्या निसटण्यानें १८१७ च्या जूनमधला पुण्याचा तह आला, आणि नोव्हेंबरच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली. संगमावरची रेसिडेन्सी त्या दिवशीं जाळली गेली. एका मृत्यूपायीं राज्य हललें. दुसऱ्या मृत्यूपायीं कोणाची चौकीही बदलली नाहीं. शास्त्र्यांच्या मागें कंपनीचा शब्द होता. खुश्रूशेटच्या मरणाची भरपाई मागणारा कोणीच नव्हता; त्याचे दोन्ही धनी त्याच्या मरणानें मोकळेच झाले. बाजीरावाचीं गुपितें मिटलीं, आणि रेसिडेन्सीला आपल्याच घरांतला कचरा चव्हाट्यावर काढण्याची पाळी आली नाहीं.

दोन्ही दरबारांशीं संधान ठेवणें हा त्या काळीं सर्वत्र गुन्हाच मानीत असें मात्र नव्हे. नागपुरास १८१६ च्या मे महिन्यांत आप्पासाहेब भोसल्यांनीं कंपनीशीं तैनाती फौजेचा तह केला. त्यांतलीं बोलणीं नागोपंत व नारायण पंडित यांच्या मध्यस्थीनें रेसिडेंट जेन्किन्स याच्याशीं रात्रींबेरात्रीं चाललीं, आणि तह झाल्यावर या दोघांना वर्षासनें ठरून मिळालीं. वैनगंगेच्या कांठचे परगणे ज्या राज्याचे, त्या राज्याचें स्वातंत्र्य त्या तहांत गेलें. तेथें मधल्या माणसाला बक्षीस, आणि पुण्यास दुसऱ्या मधल्या माणसाला विष! फरक सचोटीचा होता असें म्हणणें धाडसाचें होईल. नागपूरच्या मध्यस्थांनीं एका धन्याचें काम पुरें करून दिलें. खुश्रूशेट दोघांच्याही कामाचा उरला नव्हता.

ज्या कंपनीनें खुश्रूशेटला जागेवरून काढलें, तिचें स्वतःचें घरही या बाबतींत धुतल्या तांदळासारखें नव्हतें. तिच्या राज्याचा पाया घालणारा रॉबर्ट क्लाइव्ह बंगालच्या नबाबाकडून मिळालेली अफाट संपत्ति घेऊन विलायतेस गेला. १७७२-७३ सालीं पार्लमेंटांत त्याची चौकशी झाली. त्यानें दोन लक्ष चौतीस हजार पौंड घेतले हें सभेनें ठरावांत नमूद केलें, आणि त्याच सभेनें, त्यानें देशाची मोठी व स्तुत्य सेवा केली, हेंही ठरविलें. शिक्षा झाली नाहीं, संपत्ति गेली नाहीं. तरी २२ नोव्हेंबर १७७४ रोजीं, वयाच्या पन्नाशीच्या आंत, लंडनमध्यें त्याचा अंत झाला, आणि त्यानें आत्महत्या केली असेंच बहुतेक इतिहासकार मानतात. त्याचें दुखणें व त्याची उदास प्रकृति हींही कारणें सांगतात. पण क्लाइव्हला भर सभेंत उभें राहून आपली बाजू मांडतां आली होती, आणि ती त्यानें मोठ्या आवेशानें मांडली. येवढा मान खुश्रूशेटच्या वांट्याला आला नाहीं.

आरोप, अपकीर्ति आणि आत्महत्या ही सांखळी दरबारी युगाबरोबर संपली असेंही नाहीं. दक्षिण कोरियांत, जेथें निवडणुका, न्यायालयें व वर्तमानपत्रें सर्व कांहीं आहे, तेथें २३ मे २००९ रोजीं माजी राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनीं आपल्या गांवीं आत्महत्या केली. एका उद्योगपतीकडून त्यांच्या कुटुंबीयांनीं पैसे घेतल्याची चौकशी चालू होती; त्यांच्या मृत्यूबरोबर त्यांच्यापुरती ती बंद झाली, आणि लाखों लोक अंत्यदर्शनाला लोटले. २०१५ च्या एप्रिलमध्यें सुंग वान-जोंग या उद्योगपतीनें चौकशीच्या ऐन भरांत जीव दिला. त्याच्या खिशांत राजकारणी पुरुषांच्या नांवांची एक चिठ्ठी सांपडली. तिच्यापायीं त्या वेळचे पंतप्रधान ली वान-कू यांना जागा सोडावी लागली. पुढें वरिष्ठ न्यायालयांनीं त्यांना निर्दोष ठरविलें. मेलेल्या मनुष्याची उलटतपासणी होत नाहीं. त्याचा आरोप खरा असो वा खोटा, तो अर्धवटच राहतो. खुश्रूशेटच्या खिशांत अशी चिठ्ठी सांपडली असती, तर पेशवाईच्या अखेरच्या तीन वर्षांतली किती नांवें तींत निघालीं असतीं, याचा तर्क ज्यानें त्यानें करावा.

पुण्याच्या नशिबीं असेंच दुसरें प्रकरण १८८८ सालीं आलें. त्या वेळीं पेशवे नव्हते, कंपनीही नव्हती. राणीचें राज्य होतें व मामलेदार पगारी होते. मध्य भागाचा कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड हा मोठ्या कर्तबगारीचा व त्याहून मोठ्या खर्चाचा साहेब. १८६५ ते १८७१ पर्यंत तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. मुंबईच्या ज्या मंडईला पुढें महात्मा जोतिबा फुले यांचें नांव दिलें, ती बांधली गेली तेव्हां त्याच्याच नांवानें ओळखली जाई, आणि अजूनही गिऱ्हाइकांच्या तोंडीं तेंच नांव आहे. बढत्या व बदल्या यांसाठीं हा साहेब हणमंतराव नांवाच्या आपल्या हस्तकाच्या द्वारें मामलेदारांकडून पैसे घेतो अशी बोलवा वाढली. लॉर्ड रे यांच्या सरकारनें चौकशी आरंभिली, तेव्हां क्रॉफर्ड वेष पालटून पुण्याहून निसटला व मुंबईस सांपडला. खरें बोलाल तर तुम्हांला अपाय होणार नाहीं, असें सरकारनें मामलेदारांना वचन दिलें. आणि त्या वचनावर विसंबून पुष्कळांनीं, आपण पैसे दिले, अशा साक्षी दिल्या.

शेवट असा झाला कीं, हणमंतरावाला शिक्षा झाली. तीन सभासदांच्या कमिशननें क्रॉफर्डला लांच खाल्ल्याच्या आरोपांतून मोकळें केलें; हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल मात्र त्याची नोकरी गेली. पुढें तो विलायतेंत पुस्तकें लिहून राहिला व १९११ सालीं वारला. इकडे ज्यांनीं खरें सांगितलें त्या मामलेदारांविरुद्ध विलायतेंत ओरड उठली: लांच देऊन जागा मिळविणारे हे लोक सरकारी नोकरींत कसे? सरकारनें दिलेलें वचन मोडतें आहे हें पाहून बाळ गंगाधर टिळकांनीं १८८९ च्या सप्टेंबरांत पुण्यांत सभा भरविण्यांत पुढाकार घेतला व पार्लमेंटांतल्या मित्रांकडे मामलेदारांची कैफियत पाठविली. त्याच सालीं या साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु, ज्यांनीं दबावाखालीं नव्हे तर आपण होऊन पैसे दिले असें ठरलें, त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. त्यांचा पगार चालू राहिला, पेन्शनही मिळावयाची होती. कचेरींत मात्र त्यांना पाऊल ठेवतां येईना, आणि गांवांतल्या लोकांना त्यांनीं काय केलें होतें तें सांगावयाला कोणीही मोकळा होता.